तोचिकुराने तीनदा फेकलेला जावई

आमच्या तोचिकुरा गावात जावयाला डोक्यावर घेतात, पण फार वेळ नाही. पंधरा जानेवारीला, धाकट्या नववर्षाच्या दिवशी, त्या वर्षी गावची मुलगी बाहेर नेणाऱ्या प्रत्येक जावयाला आम्ही देवळापुढच्या टेकाडावर उचलून नेतो. चार जण हातपाय धरून त्याला झुलवतात आणि खाली बर्फात फेकून देतात. खाली बायको उभी असते, ती त्याला उकरून काढते. मग गवताचा उंच मनोरा पेटवायचा, त्याची राख बर्फात कालवायची आणि जो समोर येईल त्याच्या तोंडाला फासून म्हणायचं, "अभिनंदन!" त्या दिवशी तोचिकुरात कुणीही गोरा राहत नाही.

मी शिन्सुके. माझ्या हातांनी मी तीसेक जावई फेकले असतील. एकाच दिवशी तीनदा फेकला गेलेला मात्र एकच, माझ्या बहिणीचा नवरा तेइजी.

तेइजी समुद्राकाठचा, नादाउराचा. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांची बोट गेली ती परत आलीच नाही. आई दुसऱ्यांचे मासे चिरून द्यायची. पंधराव्या वर्षी हा स्वतः बोटीवर चढला. उंचीने बेताचा, खांदे मात्र दाराला अडकतील असे. बोलायला मंद. काही विचारलं की आधी विचारणाऱ्याकडे नीट बघायचा, मग आकाशाकडे, आणि मग "हो" म्हणायचा. मला वाटायचं, हा गडी डोक्यानेही मंदच असणार.

माझी बहीण नाओए नादाउराच्या मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तेइजी पेट्या आणून टाकायचा, त्या नेमक्या उलट्या. नाओए रोज ओरडायची. "डोळे आहेत का खोबण्या? खुणेची बाजू वर ठेवायची असते!" हा मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट्या. तीन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की बाकी सगळीकडे ह्याच्या पेट्या सरळ असतात.

एप्रिलात लग्न झालं. आमचे आबा, म्हणजे वडील, गेन्जुरो लग्नात फक्त एक वाक्य बोलले. त्यांनी जावयाला विचारलं, "तुमच्याकडे बर्फ किती पडतो?"

तेइजीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "गुडघ्यापर्यंत, आबा."

"गुडघ्यापर्यंत," आबा माझ्याकडे बघून म्हणाले, आणि त्यांनी साकेची, तांदळाच्या दारूची, वाटी तोंडाला लावली. आमच्याकडे जानेवारीत लोक माडीच्या खिडकीतून ये-जा करतात. आबांचा राग खरं तर तेइजीवर नव्हता. पाच वर्षांत गावातल्या सात मुली समुद्राकडे नाहीतर शहराकडे गेल्या होत्या. गाव रिकामं होत होतं आणि राग धरायला समोर हाच एक होता.

त्या वर्षीचा हिवाळा म्हणजे शोवा छप्पनचा, इंग्रजी एकोणीसशे एक्क्याऐंशीचा. त्या सालाचं नाव काढलं की आजही आमच्याकडची म्हातारी माणसं मान हलवतात. डिसेंबरच्या अखेरीला जो बर्फ लागला, तो श्वास घ्यायला थांबेना. नाओए नववर्षासाठी आधीच माहेरी आली होती. तेइजी पंधरा तारखेच्या आत येणार होता, फेकून घ्यायला. त्या वर्षी गावाला जावई तेवढा एकच होता.

मी थंडीत तोक्योला रस्त्याच्या कामावर असायचो. बारा तारखेला घरी निघालो, तर गाडी खोऱ्याच्या तोंडाशी, ओमाकि स्टेशनात थांबली आणि पुढे जायला तयार होईना. बस चार दिवसांपासून बंद. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. गाव तिथून चौदा किलोमीटर, मध्ये कुरुमि खिंड. स्टेशनातल्या शेगडीभोवती आमच्या खोऱ्यातली बारातेरा माणसं बसून होती, आणि त्यांत कोपऱ्यात आमचे जावईबापू. पायांत मच्छीमारी रबरी बूट, पाठीवर आबांसाठी गवतात गुंडाळलेले दोन मोठे खारवलेले रावस, जाड दोरीने आवळून बांधलेले.

मी जवळ जाऊन बसलो. मनातून मला मजाच वाटत होती.

"जावईबापू, तुमचं नशीब थोर. यंदा फेकायचं टळलं. उलट्या गाडीने घरी जा आणि आईच्या हातचं गरम जेवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "दादा, मी येतो म्हणून सांगितलंय."

"कुणाला?"

"नाओएला. आणि आबांनाही."

"आबा काय, तुम्ही नाही आलात तर खूशच होतील."

"म्हणून तर जायचंय," तो म्हणाला.

शेगडीच्या पलीकडून एक आवाज आला. "भांडताय कशाला रे? मला पण घरी जायचंय."

ती किसा आजी. आमच्याच गल्लीतली, वय एकाहत्तर. शहरातल्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून परत निघाली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा धूसर. तरुणपणी कोळशाची पोती पाठीवर घेऊन तिने ती खिंड हजारदा ओलांडली होती.

"आजी, तुला दिसत नाही," मी म्हणालो.

"डोळ्यांनी कोण चालतं? वाट माझ्या पायांना ठाऊक आहे. पायांत जोर नाही एवढंच. आणि जोर तर हा समोर बसलाय." तिने तेइजीच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. "काय रे पोरा, पाय मजबूत आहेत का?"

"बोटीवर उभा राहतो, आजी."

"बोट हलते?"

"सारखी."

"मग चालेल. आमचा डोंगर त्यामानाने कमी हलतो."

शेगडीभोवतीचे सगळे हसले, पण उठलं कुणीच नाही. एक म्हातारी आंधळी, दुसरा समुद्रावरचा. मी जर बसून राहिलो असतो तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी उठलो. ह्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तेरा तारखेला उजाडताच निघालो. स्टेशनाजवळच्या दुकानदाराने कांजिकिच्या तीन जोड्या दिल्या. लवचीक फांद्या वाकवून केलेली ती गोल कडी बुटाखाली बांधली की पाय बर्फात रुतत नाही, निदान कमरेपर्यंत तरी नाही. तेइजीने त्या जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. पण बांधल्या बोटीवरच्या गाठी मारून. दिवसभरात माझ्या दोनदा सुटल्या, त्याच्या एकदाही नाही.

नवा बर्फ तुडवून वाट काढायची म्हणजे पुढच्याचं मरण असतं. मागचे दोघे त्याच्या पावलांवर पाय ठेवत येतात. दोनशे पावलं झाली की पुढच्याने बाजूला व्हायचं आणि मागच्याने पुढे यायचं, अशी आमची रीत. तेइजी पुढे झाला आणि कुणी पाठीमागे लागल्यासारखा सुटला. पन्नास पावलांत घामाने न्हाला.

"थांब!" किसा आजी ओरडली. "लग्नाला चाललायस का? लग्न झालंय तुझं! बर्फाला घाई दाखवलीस की तो पाय धरतो. दाब, थांब, मग दुसरा. आणि घाम आणू नकोस अंगाला, थांबलास की गोठशील."

"हो," तेइजी म्हणाला. पुन्हा पाऊल टाकलं. दाबलं, थांबला, दुसरं.

दहा वाजेपर्यंत त्याला लय सापडली. दोनशे पावलं झाली तरी तो बाजूला होईना. तीनशे झाली, चारशे झाली. मी म्हणालो, "जावईबापू, माझी पाळी." तो म्हणाला, "दादा, तुमचा श्वास वाजतोय. अजून थोडं मागे राहा." मला राग आला, कारण श्वास खरंच वाजत होता.

सात किलोमीटरला आठ तास लागले. नागासावा ह्या सहा घरांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा तिथल्या खानावळीच्या मालकीणबाईंनी आधी दारच उघडलं नाही. ह्या बर्फात दाराशी माणूस येईल यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मात्र गरम पाण्याने भरलेला टब, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो घातलेलं मुळ्याचं सार आणि शेगडीवर फुगवलेले चिकट तांदळाचे मोची गोळे. तेइजीने बारा खाल्ले. मालकीणबाई मोजत होत्या.

चौदा तारखेला वादळ. घराबाहेर हात लांब केला तर बोटं दिसेनात. दिवसभर आम्ही शेगडीला पाय लावून बसलो. दुपारी आभाळात गडगडाट झाला, लांबवर गाडा ओढल्यासारखा.

"झालं," मी म्हणालो. "बर्फ उठवणारा गडगडाट. आता आणखी तीन दिवस."

तेइजी उठला, दार बोटभर उघडून नाक बाहेर काढून उभा राहिला. बराच वेळ.

"आमच्याकडे ह्याला मासा उठवणारा गडगडाट म्हणतात," तो परत येऊन म्हणाला. "तो झाला की मोठा मासा किनाऱ्याकडे वळतो."

किसा आजी खदखदून हसली. "म्हणजे ढग एकच. तुमच्या ताटात मासे टाकतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ. वाटणी बघा कशी केलीय देवाने!"

"आजी, वारा उत्तरेकडे सरकतोय. असा सरकला की पहाटेपासून अर्धा दिवस दम खातो. आम्ही तेवढ्यात जाळं टाकून परत येतो."

"खात्री आहे?" मी विचारलं.

ह्या वेळी त्याने आकाशाकडे पाहिलं नाही. "माझ्या वडिलांनी ओळखला नाही, म्हणून मी शिकलो," तो म्हणाला.

पंधराला पहाटे दार उघडलं तर वारा पडलेला, आभाळ राखाडी आणि स्तब्ध. आम्ही तिघं उजाडता उजाडता निघालो.

खिंडीच्या चढाला एक उघडी कड आहे, तिथे वरून बर्फ सुटतो. किसा आजीने आम्हाला थांबवलं, उघडा डोळाही मिटून कान वर लावला आणि मग एकेकाला सोडलं. एका वेळी एकच माणूस, तोंडातून अवाक्षर नाही. तिघंही पार झालो तेव्हा माझा धीर वाढला. गाव आता तीन किलोमीटरवर होतं. मनात आलं, गावात शिरताना पुढे मी असलो पाहिजे. समुद्रावरच्या माणसाच्या मागून कसा शिरू?

"डावीकडून या," आजी म्हणाली. "ओढ्यापासून लांब राहा."

"उजवीकडून जवळ पडतं," म्हणत मी पुढे झालो. दहा पावलं गेलो असेन. पायाखालचं जग नाहीसं झालं.

ओढ्यावर बर्फाचं छप्पर धरलेलं होतं, ते फुटलं. मी छातीपर्यंत आत गेलो. खाली पाय पाण्यात, एक कांजिकि कुठल्याशा फांदीत अडकलेली. हात टेकवावा तिथला बर्फ ढासळत होता.

तेइजी धावला नाही. आधी आजीला म्हणाला, "आजी, आहात तिथे खाली बसा." मग पाठीवरचं ओझं उतरवलं, सावकाश. माशांवरची दोरी उलगडायला लागला. मी बुडतोय आणि हा गाठ सोडतोय, मला वेड लागायची पाळी आली. दोरी सुटताच एक रावस गवतातून निसटला, उतारावरून घसरत गेला आणि माझ्या डोक्यावरून जाऊन खालच्या भगदाडात गडप झाला. तेइजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पालथा पडून, पोटावर सरकत तो कडेपर्यंत आला आणि फासाची दोरी माझ्यावर टाकली.

"काखेखालून घ्या, दादा. धडपडू नका. मासा धडपडला की जाळं फाटतं."

आणि मग तो ओढायला लागला. तोंडाने जाळं ओढतानाचा ठेका धरला, हेइ-सा, हेइ-सा. मागे आजीनेही दोरीचं टोक धरलं आणि तिच्या पिचक्या आवाजात तीही ओरडायला लागली. मी वर आलो तेव्हा डाव्या पायात बूट नव्हता आणि मोजाही नव्हता.

त्याने माझा पाय आपल्या काखेत धरून चोळला, लाल होईपर्यंत. मग आपल्या गळ्यातली लोकरीची पट्टी त्याला गुंडाळली, वरून रावसाचं गवत, वरून दोरी. माझा पाय माशासारखा बांधून तयार झाला.

मी म्हणालो, "आबांचा मासा गेला."

"मासे दोन होते," तेइजी दोरीला शेवटची गाठ मारत म्हणाला. "मेहुणा एकच आहे."

तिथून पुढे मी मागेच चाललो.

आता गावात काय चाललं होतं ते सांगतो. जावई येणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण धाकट्या नववर्षाला कुणाला तरी फेकल्याशिवाय कसं चालेल? म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांनी गवताचा जावई केला. त्याला जुना कोट चढवला, डोक्याला आबांची टोपी. नाओएला खाली उभं केलं, गवत उकरायला. ती नको नको म्हणत होती, पण गावापुढे तिचं काही चाललं नाही. दातओठ खात उभी होती.

खिंडीची वाट देवळाच्या मागून टेकाडावरच उतरते. आम्ही देवळाला वळसा घालून पुढे आलो तेव्हा चार म्हाताऱ्यांनी गवताच्या जावयाला तिसरा झोका दिला होता. तो हवेत उडाला, टोपी एकीकडे, तो एकीकडे.

"मेल्यांनो!" किसा आजी अशी किंचाळली की देवळाच्या छपरावरचा बर्फ घसरला. "गवत काय फेकताय? हाडामांसाचा आणलाय मी!"

सगळं गाव वळलं. माझ्या आईने हात जोडले, तिला वाटलं आम्ही मेल्यावर भेटायला आलोय. खाली नाओएच्या हातात गवताचं मुंडकं होतं. तिने वर पाहिलं, ते मुंडकं लांब फेकलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "उशीर झाला!"

"गाडी नव्हती," तेइजी वरून म्हणाला.

मग जो कल्लोळ झाला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. लोक अंगावर धावून आले. कुणी मिसोच्या साराची वाटी आणली, कुणी साकेची, आणि ती त्याच्या तोंडाला लागण्याआधीच त्याला उचललं. उजवा हात मी धरला. गवतात बांधलेल्या पायाने लंगडतच धरला, पण दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. एक, दोन, तीन! तेइजी हवेतून गेला, काखेत उरलेला एक रावस तसाच घट्ट धरून, आणि नाओएच्या पुढ्यात डोक्यापर्यंत रुतला. तिने त्याला उकरलं, एका हाताने बर्फ उपसत, दुसऱ्या हाताने त्याला बुक्के मारत.

"हे झालं पोरगी नेल्याबद्दल," आजी म्हणाली. "आता पुन्हा वर आणा. ही माझ्याकडून. मला घरी आणल्याबद्दल."

पुन्हा आणला, पुन्हा फेकला. ह्या वेळी तो हवेत असताना हसत होता. त्याचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, बोटीच्या भोंग्यासारखं.

आबा इतका वेळ एका बाजूला उभे होते. ते माझ्याजवळ आले. "पायाला काय झालं?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. उजवीकडून जायचा शहाणपणा माझा, हेही सांगितलं. त्याने वारा ओळखला ते, दोरी सोडली ते, मासा गेला ते. आबा खाली बघत होते, तिथे तेइजी कानातला बर्फ काढत होता.

"वर आणा त्याला," आबा म्हणाले.

"आबा, दोनदा झालं," मी म्हणालो.

"ऐकू येत नाही का? वर आणा. ही माझ्याकडून."

आणि अडुसष्ट वर्षांच्या आबांनी स्वतः तेइजीचा डावा पाय धरला. गावातला वडीलधारा माणूस कधी फेकायला उतरत नाही, तो फक्त बघतो. आम्ही झुलवला. एक, दोन, तीन! तिघांनी हात सोडले. तेइजी गेला, आणि त्याच्या मागोमाग आबाही गेले, दोन्ही पाय हवेत, थेट खालपर्यंत. बर्फाचा लोळ उठला. तो बसला तेव्हा खाली दोन खड्डे होते आणि नाओए दोन्हींच्या मध्ये उभी होती, कुणाला आधी उकरावं ह्या विचारात. तिने नवऱ्याला आधी उकरलं. त्यावरून आईने तिला वर्षभर ऐकवलं.

आबा नंतर सांगत राहिले की पाय घसरला. मी त्यांच्या शेजारी होतो. पाय घसरला नव्हता, त्यांनी हात सोडला नव्हता.

मनोरा पेटला, राख कालवली गेली. किसा आजीने एका डोळ्याच्या अंदाजाने आबांच्या तोंडाऐवजी मानेला काळं फासलं, मग चूक सुधारायला दोन्ही कानांना. "अभिनंदन, गेन्जुरो! तुझा जावई पोचला!"

आणखी एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीच्या वाटेवरून हाका ऐकू आल्या. ओमाकि स्टेशनात शेगडीभोवती बसलेली माणसं पंधरालाच निघून, नागासावात मुक्काम करून, पुढे आमच्या तुडवलेल्या वाटेवरून आली होती. अकराच्या अकरा घरी आली. कुणाच्या हातात पोरांसाठी संत्री, कुणाच्या पाठीवर बायकोसाठी नवं शिवणयंत्र. बर्फ हटवणारं यंत्र गावात पोचायला त्यानंतर आठवडा लागला.

तेइजीने पुढे सात वर्षं बोट चालवली, आणि मग नाओएला आणि दोन मुलींना घेऊन तो तोचिकुरातच राहायला आला. आल्यावर हिवाळ्यात शाळेची वाट तुडवायचं काम त्याने आपणहून मागून घेतलं. सकाळी अंधुक उजेडात तो कांजिकि बांधून निघायचा. दाबायचा, थांबायचा, मग दुसरं पाऊल. त्याच्या मागून, बरोबर त्याच्या पावलांवर पाय ठेवत, हातात फावडं घेऊन आबा जायचे. शेवटच्या हिवाळ्यापर्यंत, वयाच्या एक्क्याऐंशीपर्यंत ते गेले. रस्त्यात कुणी भेटलं की आबा थांबायचे, पुढे चाललेल्या पाठीकडे फावड्याने दाखवायचे आणि समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "आमचा जावई."